दरपत्रकाबाहेरचे हिशेब

ज्या घरात अन्न खाणारा, त्याचे पैसे मोजणारा आणि बाजारात जाऊन ते पारखून आणणारा अशी तिन्ही माणसे एकाच छपराखाली नांदतात, त्या घरात खरेदीचा बरावाईट परिणाम संध्याकाळच्या ताटातच उमटतो आणि तेथल्या तेथे त्याचा निवाडाही होतो. परंतु संस्थेच्या मुदपाकखान्याची घडण मुळातच निराळी असते. तेथे खाणाऱ्याला भाव ठाऊक नसतो, पैसे मंजूर करणारा त्या पंक्तीला बसत नाही, आणि खरेदी करणारा मनुष्य हाती दरपत्रक घेऊन या दोघांच्या मध्ये उभा असतो. पुण्यातील एका जुन्या सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या विद्यार्थी वसतिगृहाची कोठी मी दीर्घकाळ सांभाळली, आणि त्या काळात एक गोष्ट मनात हळूहळू पक्की होत गेली ती अशी की, संस्थेने विकत घेतलेले अन्न न्यायाचे आहे की नाही, हे पोत्यावर छापलेल्या शब्दांवरून फारच थोडे कळते. ते कळते आपण पैसे कधी देतो, मागणी किती स्थिर ठेवतो, भाव कोसळला असता कसे वागतो आणि आपल्या सोयीचा भार कोणाच्या डोक्यावर ठेवतो, यावरून.

आमच्या वसतिगृहात बीड, धाराशिव, जालना, सोलापूर, नंदुरबार अशा जिल्ह्यांतून आलेली काहीशे मुले राहतात. पुण्याने गरीब विद्यार्थ्याला फार पूर्वीपासून जेवू घातले आहे. वार लावून जेवण्याची आणि माधुकरीची रीत या शहराने कित्येक पिढ्या पाळली, आणि तीमागील औदार्य खरे असले तरी त्या रीतीत जातीच्या मर्यादा होत्या आणि घेणाऱ्याची मान खाली राहत असे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस काढून सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली, तेव्हापासून वसतिगृहाचे अन्न हा दानाचा विषय न राहता शिक्षणाचाच एक भाग झाला. त्या परंपरेचे ऋण मानणाऱ्या आमच्या संस्थेत, जेवणाऱ्या मुलाचा सन्मान राखला पाहिजे याविषयी कधी दुमत नव्हते. परंतु ते अन्न पिकवणाऱ्याचा, वाहून आणणाऱ्याचा आणि रांधणाऱ्याचा सन्मान असा विषय निघाला की दप्तरात त्यासाठी रकानाच सापडत नसे.

खरेदीची पद्धत सर्व संस्थांत असते तीच होती. वर्षाच्या आरंभी मोहोरबंद दरपत्रके मागवावयाची, खरेदी समितीपुढे ती उघडावयाची, तुलनात्मक तक्ता करावयाचा आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला मक्ता द्यावयाचा. या नियमाविषयी माझ्या मनात अनादर नाही. सार्वजनिक पैशाला वशिल्याची कीड लागू नये म्हणून शहाण्या माणसांनी तो घालून दिलेला आहे, आणि जेथे तो पाळला जात नाही तेथील कोठीतून तुपाचे डबे कोठे जातात हेही सर्वांना ठाऊक असते. तथापि ‘सर्वांत कमी दर’ हा जो एक आकडा समितीपुढे येतो, त्याच्या पोटात कितीतरी गोष्टी दडलेल्या असतात, आणि त्यांतील सर्वांत मोठी गोष्ट आमच्या स्वतःच्या दप्तरातूनच निर्माण होत होती.

देयक कोठीतून लेखापालाकडे, तेथून व्यवस्थापकांकडे, मग मासिक सभेपुढे आणि अखेरीस कोषाध्यक्षांच्या सहीसाठी जाई. त्यात अनुदान किंवा शिष्यवृत्तीची रक्कम यावयास विलंब झाला की पुरवठादाराला पैसे मिळावयास तीन-तीन महिने लागत. किराणा मालाचा घाऊक व्यापारी हे सारे जाणून असतो. तो आपल्या दरात त्या तीन महिन्यांचे व्याज धरून ठेवतो, आणि तेवढ्यावरही भागले नाही तर ज्याच्याकडून तो माल उचलतो त्याला तितकेच तिष्ठत ठेवतो. अशा रीतीने एका प्रतिष्ठित संस्थेच्या टेबलावर पडून राहिलेला कागद साखळीतील प्रत्येक दुव्याला ताण देत शेवटी अशा मनुष्यापर्यंत पोहोचतो की ज्याच्या मागे ते ओझे ढकलावयास कोणीच उरलेला नसतो. लघुउद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे मिळावेत अशी तरतूद २००६ च्या कायद्याने केलेली आहे. परंतु आपल्या शेतातली दोन पोती डाळ करून विकणाऱ्या मनुष्याला त्या कायद्याच्या दारापर्यंत जाण्याची वाटही सापडत नाही.

म्हणून एका वर्षी मी दरपत्रकाच्या नमुन्यात दोन रकाने घातले: माल पोहोचल्यापासून आठवड्यात पैसे मिळाल्यास काय दर, आणि तीन महिन्यांनी मिळाल्यास काय दर. दरपत्रके उघडली तेव्हा दोन्ही रकान्यांतील अंतर समितीच्या प्रत्येक सभासदाला स्पष्ट दिसले, आणि आपण गरीब मुलांच्या ताटातून कोणाचे व्याज भरत आहोत हे कळण्यासाठी मला एकही वाक्य बोलावे लागले नाही. कोषाध्यक्षांनी तो तक्ता स्वतःकडे ठेवून घेतला आणि पुढच्याच सभेत कोठीसाठी स्थायी अग्रिमाची रक्कम वाढवण्याचा ठराव मांडला. शाश्वत आणि न्याय्य अन्नखरेदीविषयी आज पुष्कळ बोलले जाते, शिबिरे भरतात, चिन्हे आणि प्रमाणपत्रे निघतात. परंतु ज्या संस्थेला या वाटेने एकच पाऊल टाकावयाचे असेल तिने वेळेवर पैसे द्यावेत, असे मी कोणालाही निःसंकोचपणे सांगेन. त्याला प्रमाणपत्र लागत नाही आणि बहुधा खर्चही वाढत नाही.

भाजीपाल्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची होती. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे जाऊन आडत्याच्या गाळ्यावरून माल उचलण्याची वहिवाट जुनी होती. शेतकऱ्याला सावकाराच्या आणि खोट्या वजनाच्या तावडीतून सोडवण्यासाठी ज्या नियमित बाजारपेठा उभ्या राहिल्या, आणि १९६३ च्या कायद्याने ज्यांना आजचे रूप आले, त्यांच्याविषयी आता केवळ दोषच सांगण्याची रीत पडली आहे. २०१६ साली फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला, अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले, आणि आमच्यासारख्या संस्थांना थेट शेतकऱ्याकडून घेण्याची वाट मोकळी झाली. मला ती वाट हवी होतीच. परंतु आडत्या म्हणजे केवळ मधला शोषक, त्याला वगळले की सारे सुरळीत झाले, असे म्हणणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यातील यार्ड पाहावे. ज्या दिवशी कोथिंबिरीची आवक दुप्पट होते त्या दिवशीही तो माल कोणीतरी उतरवून घेतो, बियाण्यासाठी उचल देतो, लग्नाच्या हंगामात नड भागवतो. ती सारी कामे न करता केवळ त्याची अडत वाचवावयाची, याला मी न्याय म्हणणार नाही.

आणि हमाल? पुण्याच्या बाजारात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, तिच्या आणि मुंबईतील माथाडी चळवळीच्या दीर्घ लढ्यामधून १९६९ चा माथाडी कायदा झाला, आणि पाठीवरून ओझे वाहणाऱ्या माणसाला प्रथमच मंडळ, ठरलेली हमाली, भविष्यनिर्वाह निधी अशा गोष्टी मिळाल्या. माल यार्डात न येता टेम्पोने थेट वसतिगृहाच्या फाटकाशी आला, तर तो उतरवणार कोण? पहिल्या काही फेऱ्यांत टेम्पोचा चालक आणि कोठीतला पोरगा मिळून पोती उतरवीत होते, आणि कागदावर वाचलेली हमाली म्हणजे प्रत्यक्षात त्या दोघांची फुकट घेतलेली मेहनत होती. तेव्हा फाटकाशी उतरवणाऱ्यालाही मंडळाच्या दराने हमाली द्यावी, आणि ती शेतकऱ्याच्या देयकातून न कापता संस्थेच्या खर्ची घालावी, असा हुकूम मी व्यवस्थापकांकडून करून घेतला. थेट खरेदीतील बचत त्यामुळे बरीच आटली. पण जी उरली ती खरी होती.

भाजी देणारा गट पुरंदर तालुक्यातील होता. कंपनी कायद्यात २००२ साली शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांची सोय झाल्यापासून असे गट बरेच निघाले आहेत. काही कागदावरच राहिले, काही खरोखर चालतात. या गटाशी बोलणी करताना पहिला अडथळा आला तो आमच्या वेळापत्रकाचा. सोमवारी फ्लॉवर, मंगळवारी बटाटा, बुधवारी वांगे असे वार ठरलेले. ते कोणी ठरवले हे कोणालाही सांगता येत नव्हते, परंतु भिंतीवर चौकटीत लावलेले असल्यामुळे त्याला कायद्याची प्रतिष्ठा आली होती. वैशाखात फ्लॉवर मागावयाचा आणि तो महाग, लांबून आलेला, फवारणीने माखलेला मिळाला म्हणून हळहळावयाचे, यात दोष शेतकऱ्याचा नव्हे. आचाऱ्यांना बरोबर घेऊन आम्ही ती चौकट उतरवली आणि तिच्या जागी असे ठरवले की पालेभाजी, फळभाजी आणि उसळ यांचे वार राहतील, मात्र कोणती पालेभाजी आणि कोणती फळभाजी हे गटाकडून दर शनिवारी येणाऱ्या यादीवरून ठरेल. आमच्या मुख्य आचाऱ्यांनी यावर एकच अट घातली: “यादी शनिवारी दुपारच्या आत मिळाली पाहिजे, साहेब. रविवारी सकाळी कळलं की सोमवारी दुधी आहे, तर मी हरभऱ्याची डाळ भिजवू केव्हा?” ही अट रास्त होती, आणि ती पाळली गेली म्हणूनच पुढे सारे जमले. मुलांनी मात्र दुधी आणि गवार यांच्या पुनरावृत्तीबद्दल पुष्कळ तक्रारी केल्या, त्या अगदी अवास्तव होत्या असे मी म्हणणार नाही.

दुसरा अडथळा प्रतवारीचा. वाकडा दुधी, डाग पडलेला टोमॅटो, आखूड गाजर यांना यार्डात कोणी विचारीत नाही. शिजल्यावर या भाजीत काहीही फरक राहत नाही, म्हणून ती वाजवी भावाने घ्यावी असे आम्ही ठरवले. कांद्यातही गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, घेऊ लागलो. दरपत्रकावर हा निर्णय सर्वांच्याच हिताचा दिसत होता. गटाचा टाकाऊ ठरणारा माल खपत होता आणि आमचा खर्च उतरत होता. परंतु काही आठवड्यांत ध्यानात आले की भाजी निवडणाऱ्या मावशी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबू लागल्या आहेत. मोठा कांदा एक सोलावयाचा तेथे गोल्टीचे चार-पाच सोलावे लागतात, डाग कोरून काढावयास वेळ लागतो, आणि त्या वेळाचे मोल कोणीच धरलेले नव्हते. शेतकऱ्याला दिलेला न्याय आम्ही स्वयंपाकघरातील बायकांच्या बोटांमधून वसूल करीत होतो. पुढे गोल्टीवर जेवढे वाचेल त्यातून निवडणीसाठी आणखी एक बाई नेमण्याची मंजुरी मिळाली, आणि तेव्हाच तो व्यवहार पुरा झाला असे मी मानले. बाहेरच्या माणसाचे भले करताना आतल्या माणसावर भार टाकणे हा संस्थांचा फार जुना आणि सहसा नजरेस न येणारा दोष आहे. त्याच्याकडे लक्ष ठेवणे हे कोठी सांभाळणाऱ्याचे पहिले काम समजावे.

भाकरीची गोष्ट याच जातीची. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत परतीच्या ओलीवर वाढणारी मालदांडी ज्वारी ही महाराष्ट्राच्या अन्नातील एक अमूल्य वस्तू आहे. तिला पाणी थोडे लागते, धान्य माणसाला आणि कडबा जनावराला मिळतो, आणि तिला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. असे असता राज्यातील ज्वारीचे क्षेत्र वर्षानुवर्षे घटत गेले, कारण शहराने पोळी धरली. सोलापूर आणि बीडची मुले ज्या वसतिगृहात राहतात तेथे आठवड्याचे सातही दिवस गव्हाची पोळी असावी, हे मला खटकत असे. ज्वारी घेणे अवघड नव्हते. भाकरी थापणे अवघड होते. पोळीचे यंत्र आमच्याकडे होते, भाकरी हातानेच होत असे, आणि शेकडो भाकऱ्या थापणे म्हणजे काय हे चुलीपुढे बसल्यावाचून समजत नाही. “दीडशे झाल्या की खांदा वर येत नाही, भाऊ, ज्वारी तुम्ही कितीही चांगली आणा,” असे एका मावशीने सांगितले, तेव्हा मी हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रांची आठवण काढली. कष्टकऱ्यांना परवडेल अशा भावात पोटभर जेवण देणारा तो उपक्रम १९७० च्या दशकात सुरू झाला, आणि खाणारा व करणारा या दोघांचाही विचार त्याच्या रचनेत आरंभापासून होता. आम्ही भाकरी आठवड्यातून तीनच दिवस ठेवली, थापणाऱ्यांच्या दोन पाळ्या केल्या आणि त्या दिवसांची मजुरी वाढवली. अधिक करता आले असते का? कदाचित, पण त्याहून अधिक ज्वारी त्या चार-पाच बायकांच्या खांद्यांवरून मी नेली नाही.

तुरीने मात्र आमच्या शब्दाची खरी परीक्षा घेतली. २०१५ च्या अखेरीस तूरडाळीचा किरकोळ भाव किलोला २०० रुपयांच्या घरात गेला, केंद्राने साठ्यावर मर्यादा घातल्या, आणि सर्वच खानावळींत वरण पातळ झाले. त्या अनुभवानंतर लातूर जिल्ह्यातील एका शेतकरी गटाशी आम्ही करार केला. त्याचा मसुदा साधा होता: हमीभाव आणि डाळ करण्याचा खर्च मिळून जो दर होईल त्याखाली आम्ही कधी जाणार नाही, आणि बाजार कितीही चढला तरी एका ठरावीक मर्यादेवर दर न नेता त्यांनी आमच्या वाट्याची डाळ द्यावी. शाई वाळते न वाळते तोच २०१६-१७ च्या हंगामात तुरीचे विक्रमी पीक आले. बोनससह ५०५० रुपये क्विंटलचा हमीभाव जाहीर असता बाजारात तूर त्याच्या कितीतरी खाली विकली जात होती. सरकारी खरेदी केंद्रांपुढे वाहनांच्या रांगा लागल्या होत्या आणि बारदाना संपला म्हणून मोजणी खोळंबत होती. आमच्या खरेदी समितीत साहजिकच विचारणा झाली की, शेजारच्या घाऊक दुकानात डाळ एवढी स्वस्त असता आपण अधिक पैसे का मोजावेत? मी करार पुढे ठेवला. एका वयोवृद्ध विश्वस्तांनी तो वाचून विचारले, “हा भाव चढता असता तर त्यांनी शब्द पाळावा असे आपण म्हटले असते ना?” आणि विषय तेथेच संपला.

पुढे २०२३ मध्ये तूर पुन्हा भडकली आणि पाळी त्यांची आली. गटाने डाळ दिली. परंतु ठरलेली सगळी दिली नाही. त्यांचे अध्यक्ष स्वतः पुण्यास आले आणि म्हणाले, “साहेब, भाव पडला तवा तुम्ही दार लावलं नाहीत. आमच्यातल्या काहींनी मात्र चढल्यावर भाईर विकली, ते मी झाकत न्हाई. जेवढी राहिली तेवढी आणलीय.” मला त्यात विश्वासघात दिसला नाही. ज्या मनुष्याच्या घरी मुलीचे लग्न आणि बँकेचा तगादा एकाच महिन्यात उभा आहे, त्याने दुप्पट भावाकडे पाठ फिरवावी अशी अपेक्षा आपण पगारी माणसांनी कशाच्या बळावर धरावी? उरलेली डाळ आम्ही बाजारातून घेतली आणि करार पुढे चालू ठेवला.

सेंद्रिय मालाविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण आमच्या खरेदीत त्याचे प्रमाण मोठे कधीच नव्हते. ताटामागे मिळणाऱ्या रकमेत सर्वच धान्य प्रमाणित सेंद्रिय घेणे शक्य नव्हते, आणि लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राचा खर्च सोसत नाही हेही दिसत होते. त्याऐवजी फवारणीनंतर तोडणीपर्यंत जेवढे दिवस थांबावयाचे ते थांबले पाहिजे, ही अट आम्ही पुरंदरच्या गटाच्या करारात घातली आणि अधूनमधून नमुने प्रयोगशाळेत पाठवले. गूळ घेताना तो पिवळाधमक नसावा असे सांगू लागलो; रंग उजळावा म्हणून घातला जाणारा हायड्रोस टाळून, रानभेंडीच्या चिकाने मळी काढणारे गुऱ्हाळकरी कोल्हापूरकडे आजही आहेत, आणि त्यांच्या काळसर गुळाला भाव कमी येतो तो केवळ आमच्यासारख्या ग्राहकांच्या डोळ्यांमुळे.

हे सर्व करताना लेखापरीक्षकांचा आक्षेप येणार हे उघड होते, आणि तो आला: सर्वांत कमी दराची निविदा सोडून अन्य पुरवठादारास मक्ता दिल्याचे समर्थन काय? हा आक्षेप मला कधीच जाचक वाटला नाही. सद्हेतूने केलेली निवडसुद्धा आधी लिहून ठेवलेल्या कसोट्यांवाचून केली तर उद्या तिच्याच आडोशाने कोणीतरी आपल्या मेहुण्याला मक्ता देईल. म्हणून दराला किती गुण, वेळेवर पुरवठ्याला किती, मालाच्या उगमाची माहिती देण्याला किती, मजुरी आणि हमालीचा दाखला जोडण्याला किती, हे सारे दरपत्रके मागवण्यापूर्वी जाहीर करावयाचे आणि ते सर्वांना सारखेच लागू करावयाचे, असा ठराव झाला. जुन्या व्यापाऱ्यांपैकीही दोघे-तिघे त्या कसोट्यांवर उतरले, आणि त्यांना वगळण्याचे काही कारण उरले नाही.

साखरेपाशी मात्र ही सारी विद्या अपुरी पडली. भोजन समितीवर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात; त्यांपैकी बीड जिल्ह्यातील एका मुलाने कोठीची पाहणी करताना साखरेच्या पोत्यावरील कारखान्याचे नाव वाचले आणि सहज सांगितले, “काका, आमचे आईवडील यंदा ह्याच कारखान्याला आहेत.” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, गावाकडचे कोणी ओळखीचे भेटावे तसा तो बोलला. पोत्यावर कारखान्याचे नाव असते, हंगाम असतो, दाण्याची प्रत असते. तो ऊस कोणी तोडला याची खूण तेथे नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात; नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल टनामागे ठरलेल्या दरातून फेडावयाची, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण २०१९ साली उघडकीस आले, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, हे त्या दुःखाच्या मुळाशी असलेले एक कारण होते.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, त्यामागे शेतकऱ्याने आपल्या उसाचा मालक व्हावे हा थोर विचार होता, आणि त्या विचाराने पश्चिम महाराष्ट्राचे रूप पालटले. ऊस पिकवणारा सभासद झाला. ऊस तोडणारा झाला नाही. आजही शेतकऱ्याच्या उसाला केंद्र किमान दर ठरवून देते, २०१८ पासून कारखान्याच्या साखरेलाही किमान विक्रीदर आहे. तोडणाऱ्याचा दर मात्र संघटना आणि साखर संघ यांच्या वाटाघाटींवर सोडलेला असतो. २०२४ च्या आरंभी त्यात ३४ टक्के वाढ झाली ती संपाच्या इशाऱ्यानंतर.

यावर एका वसतिगृहाने काय करावे? साखर वर्ज्य करावी तर गुऱ्हाळालाही तोच ऊस लागतो. कारखान्याच्या लक्षावधी क्विंटलांपुढे आमची वर्षाची पोती कोणाच्या गणतीत नसतात, आणि तीही आम्ही व्यापाऱ्यामार्फत घेत असतो. दोन गोष्टी आमच्या हातातल्या होत्या. त्यांतील पहिली खरेदीची नव्हतीच: दिवाळीच्या सुटीत मुदपाकखाना बंद ठेवण्याचा जो रिवाज होता तो मोडला, कारण ज्या मुलांचे आईवडील फडावर गेलेले असतात त्यांच्या घराला त्या दिवसांत कुलूप असते, आणि ती मुले आजवर कोठे जेवत होती याची चौकशी आमच्यापैकी कोणीही केली नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे पत्र. व्यापाऱ्याने ज्या कारखान्यांची साखर देऊ केली त्यांना समितीने तीन प्रश्न विचारले: टोळ्यांच्या वस्तीवर पिण्याच्या पाण्याची आणि संडासाची सोय आहे काय, मजुरांची ओळखपत्रांसह नोंद आहे काय, आणि कोयत्यातील स्त्रीचे नाव स्वतंत्र लिहून तिच्या वाट्याची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होते काय.

पहिल्या वर्षी कोणाचेच उत्तर आले नाही. दुसऱ्या वर्षी एका कारखान्याच्या कामगार अधिकाऱ्यांनी दूरध्वनी करून, आमचा करार मुकादमाशी असतो, मजुरांशी नसतो, असे सौजन्यपूर्वक कळवले; आणि कागदोपत्री त्यांचे म्हणणे खरेच होते. त्यानंतर आम्ही पुण्यातील आणखी दोन वसतिगृहांना आणि एका धर्मादाय रुग्णालयाच्या भोजनगृहाला बरोबर घेतले, चौघांची मागणी एकत्र केली, आणि प्रश्नांची उत्तरे जोडणाऱ्या व्यापाऱ्याला उगमाच्या कसोटीतील पूर्ण गुण द्यावयाचे ठरवले. मग एका कारखान्याकडून लेखी उत्तर आले. पाण्याचे टँकर, फिरते संडास आणि नोंदणी यांविषयी त्यात तपशील होता. स्त्रियांच्या खात्याविषयीच्या प्रश्नासमोर काहीच लिहिलेले नव्हते. त्या व्यापाऱ्याला आम्ही दोन प्रश्नांचे गुण दिले आणि तिसऱ्याचे दिले नाहीत. साखर त्याच्याकडूनच घेतली, कारण इतरांनी एवढेही केले नव्हते. माझ्यानंतर कोठीवर आलेल्या ताई हे पत्र आता गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी, भाद्रपदातच, चारही संस्थांच्या सह्यांनिशी पाठवतात, आणि स्त्रियांच्या खात्याचा प्रश्न त्यांनी यादीत सर्वांत वर घेतला आहे.